कोपऱ्यानं चोरलेला खर्ज

एका जंगलात सगळ्यांचे कान फार तयार होते, आणि म्हणूनच तिथं कुणाचं कुणाशी पटत नसे.

बसा बाळांनो, नीट मांडी घालून बसा. मागं कोण खुसुखुसू हसतंय? गोष्ट कानांची आहे, तेव्हा कान इकडं द्या.

तर त्या जंगलाचा राजा होता वाघ. त्याची गुहा लांबट चौकोनी, भिंती तासून गुळगुळीत केलेल्या. गुहेच्या एका टोकाला, भिंतीला पाठ लावून, एक आवाजाची पेटी उभी असायची. तुम्ही जिला स्पीकर म्हणता ना, ती. तिला वीज कुठून मिळायची असलं विचारायचं नाही. गोष्टीतल्या पेट्यांना मिळते.

ही पेटी बनवली होती झिपरू नावाच्या अस्वलानं. सागवानी पेटी, आत एक वासरू सहज बसेल एवढी. तिचा पडदा, म्हणजे थरथरून आवाज काढतो तो कागदी गोल, सुपापेक्षा मोठा. तो कागद झिपरूच्या बायकोनं, राहीनं, झाडाची साल कुटून केला होता. डिंक लावताना तिचा एक केस त्यात चिकटला, तो तसाच राहिला. राही जाऊन नऊ पावसाळे झाले होते. रोज सकाळी धूळ पुसताना झिपरूला तो केस दिसायचा आणि रडू यायचं. तो सरळ रडून घ्यायचा, नाक पुसायचा आणि कामाला लागायचा.

पेटीची देखभाल हेच त्याचं काम, आणि पेटीमागची कपार हेच त्याचं घर. दुसरं काही त्याला येत नव्हतं. दुसरीकडं त्याचं कुणी नव्हतं.

दरबारात एकच तबकडी वाजायची. कैलासवासी गजराबाई हत्तिणीची. बाई खालच्या स्वरात उतरल्या की ऐकणाऱ्याच्या पोटातलं जेवण हलायचं. त्या जाड, खोल आवाजाला जंगलात खर्ज म्हणत. सकाळी दोघे भेटले की "जेवलास का" विचारायच्या आधी "आज खर्ज कसा होता" असं विचारत. जंगलात गाणं ऐकायची पद्धत नव्हती, पेटी ऐकायची पद्धत होती.

चाळीस वर्षं हे असं बरं चाललं होतं. मग राजाच्या दिवाणाला एक कल्पना सुचली. दिवाण होता तरस. राजा मागच्या भिंतीला टेकून बसतो, हे तरसाला बरं दिसेना. भिंतीला टेकून कोण बसतं? दमलेले बसतात. त्यानं दोरी घेतली, गुहा लांबीनं मोजली, रुंदीनं मोजली, आणि बरोबर मधोमध एक दगडी आसन बसवलं. चारी बाजूंना प्रजा, मध्ये राजा. देखावा इतका छान जमला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी राजा म्हणाला, "झिपरू, गजराबाईंना झालंय काय?"

"काय झालं, महाराज?"

"पोटातलं जेवण हलत नाही. नुसत्या नाकातून गातायत."

झिपरूनं पेटी उघडली, आतून पुसली, तारा तपासल्या. मग नेहमीसारखा भिंतीला पाठ लावून ऐकायला उभा राहिला. गजराबाई ठणठणीत होत्या. खर्ज भिंतीतून त्याच्या पाठीत शिरत होता.

"मला तर येतोय ऐकू, महाराज," तो चाचरत म्हणाला.

"हातानं केलेली पेटी ना! येणारच," तरस म्हणाला, आणि दरबारात खसखस पिकली.

झिपरूनं सगळं करून पाहिलं. डिंक बदलला, तारा बदलल्या, खिळे ठोकले. पडद्याला तेवढा हात लावला नाही. राजा रोज तबकडी संपेपर्यंत ऐकायचा आणि मान हलवायचा. कडेला बसणाऱ्यांना खर्ज यायचा, पण महाराजांना येत नाही तो आपल्याला येतो, असं कोण म्हणणार? महिनाभरात जंगलभर झालं, की झिपरूची पेटी म्हातारी झाली. आणखी महिन्याभरानं लोक म्हणायला लागले की झिपरूला ऐकूच येत नाही.

अशा वेळी कोण येतं? बरोबर. उदेभान येतो.

उदेभान हे उदमांजर होतं. अंगाला सुवास, मिशीला तेल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच काय ते हुशार. सहा रानडुकरांच्या पाठीवर लादून त्यानं दूरच्या जंगलातून एक नवी पेटी आणली. बांबूसारखी शिडशिडीत, उंच, काळी कुळकुळीत. तिला एकाखाली एक चार पडदे, प्रत्येक द्रोणाएवढा. पण वाजायला लागले की ते बेडकाच्या गळ्यासारखे पुढं-मागं व्हायचे.

"एवढुशा द्रोणांतून खर्ज निघतो?" झिपरूनं विचारलं.

"काका, खर्ज जुन्या पेट्यांत असतो," उदेभान गोड हसून म्हणाला. "आमच्या पेटीत बेस असतो."

आता तुम्हाला ठाऊक आहे, त्या जंगलात 'बेस' म्हणजे छान. पाऊस बेस झाला, चटणी बेस झाली, असं सगळे म्हणायचे. उदेभान खर्जालाच बेस म्हणत होता, पण ते फोड करून सांगायची त्याला गरज वाटली नाही. तो बिळोबिळी गेला आणि विचारत सुटला, "बेस आवडतो का?" छान कुणाला आवडत नाही? जो तो म्हणाला, "आवडतो की!" उदेभानानं पळसाच्या पानावर लिहून घेतलं, की अख्ख्या जंगलाला बेस हवा आहे. ते पान त्यानं राजाला दाखवलं.

राजानं फर्मान काढलं. येत्या पंचमीला सकाळी भर दरबारात दोन्ही पेट्या शेजारी शेजारी वाजतील. तुलना होईल. जी हरेल ती गुहेबाहेर जाईल, आणि तिच्यासोबत तिला आणणारा किंवा बनवणाराही जाईल.

म्हणजे काय, ते झिपरूला कळलं. ती कपार गेली, ते काम गेलं, रोज सकाळी तो पडदा पुसणं गेलं. या वयात कुठं जायचं? त्याला जेवण जाईना.

पंचमीच्या आदल्या दिवशी उदेभान आपली पेटी जागेवर लावून वाजवून बघत होता. झिपरू मागच्या भिंतीशी जाऊन बसला. तिथं दाराशेजारच्या कोपऱ्यात गोदूबाई होती. गोदूबाई म्हणजे गुहा झाडणारी घूस. झाडून झालं की पायपुसण्याजवळच्या त्या कोपऱ्यात अंग मुडपून बसायची आणि डोळे मिटून तबकडी ऐकायची. वर्षानुवर्षं तिची ती जागा होती. दुसरं कुणी तिथं बसत नसे, कारण तिथं बसणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गजराबाई गायला लागल्या, आणि झिपरूच्या तळपायांना आधी कळलं. बाई श्वास घेऊन ज्या तळाशी उतरल्या, तिथपर्यंत त्याची पेटी चाळीस वर्षांत कधी गेली नव्हती. आवाज नुसता घुमत नव्हता, आला तसा स्वच्छ थांबत होता. आणि बाईंच्या मागं कुणीतरी अगदी हळू नगारा वाजवत होतं. त्या तबकडीत नगारा आहे, हे झिपरूला आज पहिल्यांदा कळलं.

त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि बाळांनो, आनंदही झाला. नगारा वाजवणारा कोण असेल बिचारा, चाळीस वर्षं वाजवतोय आणि आपण ऐकला नाही, असं मनात येऊन त्याचे डोळे भरून आले.

ते द्रोण जवळून बघावेत म्हणून तो उठून पेटीकडं निघाला. चालता चालता राजाच्या आसनापाशी आला आणि थबकला. खर्ज गायब! तो एक पाऊल मागं गेला. थोडा आला. आणखी तीन पावलं गेला. भरपूर आला. पुन्हा आसनापाशी. गेला. आसन ओलांडून चार पावलं पुढं. आला!

"काय आण्णा, नाचताय काय असे?" गोदूबाईनं विचारलं.

"गोदूबाई, इथं ये जरा. इथं उभी राहा."

ती लुटूलुटू आली, उभी राहिली आणि तिनं तोंडाला हात लावला. "अगं बाई! हितं तर मुकीच झाली की ही!"

उदेभान जेवायला गेल्यावर झिपरूनं आपली पेटी लावून पाहिली. तिचंही तेच. भिंतीशी खर्ज, मधोमध ठणठण. त्याच्या ध्यानात आलं. लांबट चौकोनी गुहेत जाड आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो आणि परत येतो. जाणारा आणि येणारा बरोबर मध्यावर भेटतात आणि एकमेकांना गिळून टाकतात. तरसानं दोरीनं मोजून राजाला नेमकं त्या जागी बसवलं होतं. वीतभरही चूक केली नव्हती.

झिपरू धावतच दिवाणाकडं गेला. "दिवाणजी, सापडलं! पेटी चांगली आहे. आसन तेवढं चार पावलं मागं घ्या."

तरसानं कान टवकारले. "कुणाचं आसन?"

"महाराजांचं."

"महाराज मागं सरकणार? शुद्धीवर आहेस का? महाराज चार पावलं मागं हटले, असं शिलालेखावर कोरू?"

"मग पुढं घ्या. पुढं घेतलं तरी चालतं."

"म्हणजे महाराज उठून एका पेटीकडं गेले! पेटी महाराजांकडं येते रे, महाराज पेटीकडं जात नाहीत." तरस जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आणि मी काढलेला मध्य चुकला, असं तुला म्हणायचंय?"

"नाही नाही, मध्य अगदी बरोबर आहे! तोच तर घोटाळा आहे."

"बरोबर आहे ना? मग विषय संपला. हे बघ झिपरू, उद्या महाराज तुला मत विचारतील. नवी पेटी चांगली, एवढं बोल आणि गप्प बस. नव्या पेटीचा राखणदार म्हणून तुला ठेवून घेतो. कपारही तुझीच."

झिपरू बाहेर आला तर दाराशी उदेभान दात कोरत उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"काका, मधोमध खर्ज मरतो, हे मला पहिल्या दिवशीच कळलं," तो म्हणाला.

"अरे मग बोलत का नाहीस?"

"आसन हललं की तुमची पेटीही वाजायला लागेल. मग माझी कोण घेणार? आणि घेतलीच, तर पुढं मी माझ्या वेली कुणाच्या गळ्यात मारू?" पेटीला जोडायच्या खास वेली तो खांद्यावर घेऊनच हिंडायचा. "महाराजांना ऐकू येत नाही, तोवर आपलं बरं चाललंय."

पंचमी उजाडली. दरबार गच्च भरला. आधी झिपरूची पेटी वाजली. मधोमध बसलेल्या राजानं शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं, "खर्ज नाही."

मग नवी पेटी वाजली. राजानं कान पुढं केले, मागं केले, मान तिरकी केली. काहीच नाही. तो वैतागला. उदेभानानं शिकवलेला नवा शब्द त्याच्या लक्षात होता. त्याला म्हणायचं होतं, 'बेस नाही.' तो म्हणाला, "बेस..."

पण बाळांनो, 'नाही' म्हणायच्या आधीच टाळ्यांचा कडकडाट झाला! महाराज 'छान' म्हणाले! माकडं उड्या मारायला लागली. गव्यांनी शिंगं आपटली. राजा तोंड उघडं ठेवून सगळ्यांकडं बघत राहिला. एवढ्या टाळ्या पडल्यावर 'नाही' म्हणणं कुठल्या राजाला जमलंय?

"महाराजांनी ओळखलं!" उदेभान ओरडला. "हा बेस इतका स्वच्छ आहे, की तो असल्याचंच कळत नाही. साध्या कानांचं हे काम नाही."

राजानं तोंड मिटलं आणि गंभीरपणे मान डोलावली. जुन्या पेटीत खर्ज ऐकू आला नाही तो तिचा दोष, आणि नव्या पेटीत आला नाही ही तिची नजाकत, असं ठरलं. मग त्यानं झिपरूला पुढं बोलावलं. "तू कारागीर आहेस. खरं खरं सांग. कुठली चांगली?"

तरसानं डोळे वटारून खूण केली. कपार, काम, सगळं एका वाक्यावर होतं, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. झिपरूनं ते म्हटलं.

"नवी चांगली, महाराज. माझ्या पेटीपेक्षा खोल जाते."

दरबार खूश झाला. तरस खूश झाला. झिपरूनं तिथं थांबायला हवं होतं. तुम्ही थांबला असता, मीही थांबलो असतो. पण त्याला 'खरं खरं' सांग म्हटलं होतं, आणि त्याला वाटलं, पुरतंच सांगावं.

"पण माझीही काही वाईट नाही. दोन्हीत खर्ज आहे. आसन चुकीच्या जागी आहे."

तरस किंचाळला, "आसन चुकीच्या जागी? महाराजांचं आसन? हा द्रोह आहे!" उदेभानही ओरडला, कारण त्या एका वाक्यानं त्याच्या सगळ्या वेली वाळल्या असत्या. झिपरूला आणि त्याच्या पेटीला उचलून अंगणातल्या उंबराखाली नेऊन टाकलं. तिथून हलवायचं कुठं, ते पुढं ठरणार होतं.

झिपरू पेटीला टेकून हमसून हमसून रडला. पेटी हरली म्हणून नाही. त्याला एवढंच कळेना, की चार पावलांत एवढा गुन्हा कसा मावला.

पुढं काय? उदेभान झाला दरबारी नादाधिकारी. राजाला खर्ज ऐकू येईना, म्हणून त्यानं पेटीला सोनवेल जोडली. मग अमरवेल जोडली. वेली जमिनीला टेकता कामा नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडी घोडे लावले. पेटीखाली नदीतले सात गोटे ठेवले. नवी पेटी सहा महिने वाजल्याशिवाय खुलत नाही, असं सांगितलं. सहा महिने झाल्यावर आणखी सहा सांगितले. राजा मान डोलवायचा आणि मनातल्या मनात झुरायचा. गजराबाई त्याला खरंच आवडायच्या हो! पण सांगणार कुणाला?

एक दिवस दरबार भरला होता, तबकडी चालू होती, आणि राजाच्या पाठीला खाज सुटली. आसनावर बसून पाठ खाजवणं शोभत नाही. राजा सहज उठल्यासारखं करून मागच्या भिंतीकडं गेला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात पाठ घासायला लागला. तिथं गोदूबाई डोळे मिटून डोलत होती. तिच्या मिशा थरथरत होत्या.

तेवढ्यात गजराबाई खाली उतरल्या.

राजाच्या शेपटीपासून कानापर्यंत काटा आला. पोटातलं जेवण हललं, दोन वर्षांनी! मागचा नगारा तर त्यानं पहिल्यांदाच ऐकला. राजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तो तसाच उभा राहिला.

तुम्हाला वाटेल, चला, कळलं एकदाचं राजाला. कळलंच की. राजांना फार पटकन कळतं.

"चोर!" राजानं डरकाळी फोडली. "माझा खर्ज या कोपऱ्यात दडवलाय! ही घूस पळवतेय!"

गोदूबाईला धरून मध्ये आणलं. तिनं हात जोडले. "महाराज, मी नाही वो कुणाचं काही घेतलं. मी झाडते आन् बसते. त्यो आपला येतो."

"येतो! कबूल केलं!" तरसानं लिहून घेतलं.

मग झिपरूला बोलावणं गेलं. राजा आज फार प्रेमानं बोलला. "झिपरू, तुझ्यावर अन्याय झाला. तुझी पेटी चांगली होती. खर्ज निघत होता, पण वाटेत ही चोरत होती. तू जाणकार आहेस, एवढं दरबारासमोर सांग. तुझी कपार तुला परत. पेटीही आत घेऊ, नवीच्या शेजारी मानानं ठेवू."

झिपरूनं कपारीकडं पाहिलं. तिथली जमीन त्याच्या अंगाच्या आकाराची झाली होती. बाहेर उंबराखाली पेटीला ओल लागत होती, राहीचा कागद कडेला फुगायला लागला होता. आणखी एक पावसाळा तो टिकणार नव्हता. 'हो' त्याच्या ओठांवर आलं होतं. मग त्यानं गोदूबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. खाली मान घालून पंजानं पुढ्यातली माती सारखी करत होती, झाडायची सवय म्हणून.

"महाराज," झिपरू म्हणाला, "चोरी झाली, पण हिनं एकटीनं नाही केली. चाळीस वर्षं मीपण भिंतीला टेकून ऐकत होतो. मलापण सगळं ऐकू येत होतं. मलापण धरा."

"अरे आण्णा!" गोदूबाईच्या तोंडून निघालं, आणि तिला रडू फुटलं.

शिक्षा ताबडतोब झाली. दोघे हद्दपार. चोरीचं साधन म्हणून जुनी पेटीही हद्दपार, आणि तिला ओढत न्यायचं त्यांनीच. अस्वल पुढून ओढत होतं, घूस मागून ढकलत होती. घुशीच्या ढकलण्यानं पेटी काय हलणार? पण झिपरूनं तिला थांब म्हटलं नाही.

इकडं राजानं चारही कोपरे धोंड्यांनी बुजवले. भिंतीजवळ बसायला बंदी झाली. सगळ्या प्रजेनं मध्यावर, आसनाला खेटून, दाटीवाटीनं बसायचं, असं ठरलं. मग तबकडी लावली. सगळे कान टवकारून बसले. गजराबाई नाकातून गात राहिल्या.

"आता कुणाला खर्ज ऐकू येतो का?" राजानं विचारलं.

"नाही, महाराज!"

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही!"

राजानं सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

तर बाळांनो, घरी विचारतील काय शिकलात, तर हे तात्पर्य सांगा. ऐकू येत नसेल तर पेटी बदलावी, वेली बदलाव्यात, कारागीर बदलावा, आसनाला हात लावू नये. आणि आपल्या वाट्याला कोपरा आला असेल, आणि तिथं छान ऐकू येत असेल, तर डोळे मिटून डोलू नये. कपाळाला आठ्या घालून बसावं.